उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, शिष्यवृत्तीच्या फॉर्मात पालकांचं वार्षिक उत्पन्न किती लिहू? तुझे आण्णा पलीकडून म्हणाले, तलाठ्यानं लिहिलंय तेवढंच लिही. ते बरोबरच आहे. दाखल्यावरचा आकडा आणि फॉर्मातला आकडा जुळला नाही तर फॉर्म परत येतो, म्हणून तिथं दाखल्यावरचाच लिही. पण नंतर तू आवाज बारीक करून विचारलंस, ‘आई, पण खरं किती मिळतं?’ आणि मी रेंजचं निमित्त करून फोन ठेवला. इथं ऊसतोडीच्या तळावर कोपीत बसून असला हिशोब बोलता येत नाही. पाचटाची भिंत, पलीकडे कुणी खोकलं तरी इकडं ऐकू येतं, आणि मुकादमाचा भाऊ रोज संध्याकाळी तळावर चक्कर टाकतो. म्हणून लिहून पाठवते. संघटनेच्या बाई गावाकडं निघाल्यात, त्यांच्या हाती पाकीट देईन. नववी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस.

पहिली गोष्ट, आपल्याला पगार नसतो. लोक आधी कमवतात आणि मग खर्च करतात. आपलं उलटं, आधी खर्च होतो आणि मग पुढचे पाच महिने फेडाफेड.

पोळ्याच्या आगेमागे ऊसतोडीची टोळी जमवायला मुकादम दारात येतो. त्या दिवसांत घरात काय असतं ते तू पाहिलंयस. दीड एकर कोरडवाहू, कपाशीची फवारणी राहिलेली, सोयाबीन अजून रानात, किराणावाल्याची वही भरत आलेली, आजीच्या गोळ्या संपलेल्या. अशा वेळी रोख पैसे एकाच माणसाच्या हातात दिसतात. तो ते कारखान्याकडून नाहीतर वाहतूकदाराकडून आणतो, नोटरीच्या कागदावर सही घेतो आणि देतो. कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पन्नास हजारांपासून दीड लाखापर्यंत. जोडी तरणी असली, मागची बाकी नसली तर जास्त. बाई एकटी असली, विधवा असली, तर ती अर्धा कोयता, आणि तिला टोळीत घ्यायलाच मुकादम कां-कूं करतो. ही उचल. एकदा घेतली की कोणत्या कारखान्यावर जायचं, कोणत्या टोळीत बसायचं, हे आपल्या हातात राहत नाही.

आता तू गणितात हुशार आहेस म्हणून सांगते. समज, उचल एक लाख घेतली. सध्या तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये आहे. तो २०२४ च्या जानेवारीत ठरला. त्याआधी २७३ होता. कोयता बंदची, म्हणजे संपाची, भाषा झाली, पुण्यात बैठका झाल्या, शरद पवार आणि पंकजा मुंडे बसले, कारखान्यांच्या साखर संघाची माणसं बसली आणि ३४ टक्के वाढ मिळाली. तळावर तेव्हा पेढे वाटले होते. लाखाला ३६६ नं भाग. २७३ टन येतात. एवढा ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून, गाडीत भरून दिला की आपण शून्यावर येतो. शून्यावर म्हणजे पोळ्याला होतो तिथं नव्हे बरं का, ते पैसे तेव्हाच संपलेले असतात. नुसतं देणं मिटतं.

दोघं धडधाकट असली, ऊस सरळ असला, फड जवळ असला, तर जोडीचे दिवसाला दोन टन होतात. ऊस लोळलेला असला, आत वेल वाढलेले असले, तर दीड टनालाही कंबर मोडते. दोन टन धरले तर २७३ टनाला १३६ दिवस लागतात. साडेचार महिने, मधे एकही दिवस खाडा न करता. आणि हंगाम तेवढा चालला पाहिजे ना. २०२१-२२ साली ऊस इतका होता की जूनपर्यंत गाळप चाललं. त्या उन्हात माणसं फडात चक्कर येऊन पडायची, पण उचल फिटली, हातात वर चार पैसे आले. उलट २०२४-२५ ला ऊस कमी, कारखाने उशिरा पेटले आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच बऱ्याच ठिकाणी पट्टा पडला, हंगाम संपला. ज्यांची उचल मोठी होती त्यांची बाकी राहिली. बाकी राहिली की ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते, काही मुकादम तिच्यावर व्याज लावतात, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. पाऊस कमी झाला तर आपलं शिवार जळतं म्हणून आपण इकडं येतो, आणि इकडं पाऊस कमी झाला तर ऊस नसतो म्हणून आपली बाकी राहते. दोन्हीकडून मार एकाच आभाळाचा.

तर खरा आकडा हा असा: दोन टन गुणिले ३६६, दिवसाला ७३२ रुपये. दोघांचे. एकाचे ३६६. हंगामाचे सगळे मिळून दोघांचे लाखाच्या आतबाहेर. त्यात किराणा, दवाखाना, मोबाईलचा रिचार्ज, सगळं इथंच. रोजच्या मीठ-मिरचीला वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकतो, दूधवाले गुरांना घेऊन जातात. वाढे आहेत म्हणून चूल पेटते, नाहीतर आठवड्याचा बाजारसुद्धा मुकादमाच्या वहीत लिहावा लागला असता.

आणि हे ७३२ किती तासांचे ते सांगते. तू चौथीपर्यंत आमच्याबरोबर होतीस, पण त्या वेळी तू पाचटावर झोपलेली असायचीस. पहाटे तीन-साडेतीनला उठायचं, कारण भाकरी करून बांधून न्यायच्या असतात आणि बायकांना अंधारातच सगळं उरकावं लागतं. आंघोळ, बाहेर जाणं, सगळं. तळावर संडास नाही. उजाडायच्या आत फडात. आण्णा बुडख्यातून तोडतात, जमिनीला घासून, कारण खोडकी उंच राहिली की शेतकरी बोंब मारतो आणि साखर बुडख्यातच जास्त असते. मी पाला सोलते, शेंडा उडवते, मोळी बांधते. दहापर्यंत हात चालतो. नंतर पाल्याची धार लागायला लागते. उसाची बारीक कूस अंगाला बसते ती रात्री धुतली तरी जात नाही. दुपारी भाकरी उभ्या उभ्या. मग गाडीची वाट.

गाडीची वाट हा प्रकार कुणाच्या हिशोबात नाही. ट्रॅक्टर कधी चारला येतो, कधी रात्री दहाला. कारखान्याच्या वाड्यात ओळ लागलेली असली, ऊस टाकायच्या गव्हाणीत बिघाड झालेला असला की गाडी रिकामी होऊन यायला उशीर होतो, आणि आपण फडाच्या बांधावर शेकोटी करून बसून राहायचं. त्या बसण्याचे पैसे नाहीत. दर टनाला आहे, तासाला नाही.

मग भरणं. ट्रॉलीला फळी लावतात, वीतभर-दीड वीतभर रुंद. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि फळीवरून वर जायचं. खाली असते तेव्हा मोळी जड लागते, वर जाताना मात्र वजन कळत नाही, फळी किती हलते तेवढंच कळतं. ट्रॉली भरत जाते तशी फळी उभी होत जाते. शेवटच्या थराला फळी इतकी उभी असते की पायाच्या अंगठ्यानं आडवी पट्टी चाचपत चढावं लागतं. पुरुष वर उभं राहून थर लावतात, काही डोक्यावरही आणतात, पण टोळी बघशील तर फळीवर बायकाच जास्त दिसतील. मागच्या हंगामात आपल्याच टोळीतली एक पाच महिन्यांची गरोदर होती. तिला मी म्हणाले, तू खाली बांधणीला थांब. तिचा नवरा म्हणाला, मग आमचं वजन कोण भरणार? तो वाईट माणूस नाही. वजन सगळ्या टोळीच्या नावानं पडतं आणि मग कोयत्यांत वाटलं जातं. एकानं हात आखडला की बाकीचे तोंड वाकडं करतात. म्हणून खाडा झाला की पाचशे, कुठं हजार कापतात, आणि कापताना मुकादमाला ओरडावंसुद्धा लागत नाही, टोळीच गप्प बसते.

पाळी आली तरी खाडाच धरतात. पाणी तळावर लांबून आणायचं, कपडा धुवायला आडोसा नाही, वाळवायला जागा नाही. त्यातून अंगावर जातं, ओटीपोटात दुखतं, मग बाई खाजगी दवाखान्यात जाते आणि तिथं सोनोग्राफी करून सांगतात, गर्भपिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तीस-बत्तीसच्या बायका. दोन लेकरं झालीत, आता पिशवी काय करायचीय, असं म्हणतात. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हेंची समिती नेमली तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांना विचारलं. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहात एक. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या आया मोज आणि बघ. मलाही एका दवाखान्यात तेच सांगितलं होतं. मी कागद घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सूज आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्या, उकळलेलं पाणी प्यायला सांगितलं. दुखणं गेलं. तेव्हापासून टोळीतल्या कुणालाही कुणी पिशवी काढायला सांगितलं की मी आधी तिला तिकडं घेऊन जाते. ऑपरेशनचे पैसेही उचलीतूनच जातात, हे लक्षात ठेव. म्हणजे खाडा टाळायला बाई पिशवी काढते आणि त्या पैशांसाठी आणखी एक हंगाम बांधून घेते. आणि काढल्यावर तिला आराम मिळतो का? चाळिशीत हाडं दुखायला लागतात, गरम वाफा येतात, फळी चढवत नाही.

तू म्हणशील, एवढं असताना मुकादमालाच शिव्या का घालायच्या नाहीत? घालतो की, रोज घालतो. त्याला कारखान्याकडून कमिशन मिळतं, करारात ते वीस टक्के झालं. ३६६ वर ७३ रुपये, आपल्या दरातून कापून नव्हे, वरून. पण त्याचंही एक आहे. त्याच्याकडून लाख-लाख घेऊन माणसं दुसऱ्या टोळीबरोबर निघून जातात आणि कारखाना मात्र त्याच्याकडूनच वसूल करतो. जमीन विकलेले मुकादम मला माहीत आहेत. मग तो दुसऱ्या वर्षी दात-ओठ खाऊन येतो. बाकी राहिली म्हणून माणसं डांबून ठेवल्याच्या, लेकरं ठेवून घेतल्याच्या बातम्या दर हंगामात असतात. आगाऊ पैशाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवायचा नाही, असा कायदा १९७६ सालीच झालाय, वेठबिगारीचा. तुमच्या नागरिकशास्त्रात असेल. पण कारखान्याला विचारलं तर ते म्हणतात, हे आमचे कामगारच नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी कसला मालक, मीही टोळीतलाच. साखर तयार होते, पोत्यावर कारखान्याचं नाव छापलं जातं, आणि ज्यांनी ऊस तोडला त्यांचा मालक कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फंड नाही, विम्याचं कार्ड नाही, साप चावला तर गाडी कुणी करायची यावर भांडण.

शेतकऱ्याचंही ऐकून ठेव. हे लोक आपल्याला जेवायला वाढतात, कुणी कुणी हाकलूनही देतात. ज्याच्या फडात आम्ही सध्या आहोत तो म्हणत होता, तुमची तोडणी आणि वाहतूक माझ्याच बिलातून कापतात. खरं आहे ते. केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी उसाला टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा कमीत कमी दर, ठरवलीय, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. वर टोळ्या खुशाली म्हणून पैसे मागतात, ड्रायव्हरला एन्ट्री म्हणून द्यावे लागतात, ते त्याच्या खिशातून. खुशालीवरून आपल्या लोकांना तो लुटारू म्हणाला. मला राग आला, पण अगदीच खोटं बोलत होता असंही नाही. काही टोळ्या अडवून घेतात. दर पोटापुरता असता तर खुशाली मागायची वेळ आली नसती, एवढं मी त्याला बोलले. त्याच्या एफआरपीसाठी दिल्लीत बसून दरवर्षी कुणीतरी हिशोब करतं. आपल्या दराचा हिशोब मात्र कोयता बंद केल्याशिवाय कुणी करत नाही. २०२० ला १४ टक्के वाढले, मग थेट २०२४. तो करार तीन वर्षांचा, म्हणजे पुढच्या हंगामाच्या आधी पुन्हा बसायला लागेल. आता यंत्रंही आलीत. हार्वेस्टर घेणाऱ्याला सरकार किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं कमी असेल तेवढं अनुदान देतं. बैठकीत आम्हाला सांगतात, जास्त ताणू नका, यंत्र येईल. येऊ दे की. वाफ्यात पाणी असलं, फड तुकड्याचा असला, की यंत्र बांधावर उभं राहतं आणि आम्हाला फोन येतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या फॉर्मात आणखी एक रकाना असेल, आईचा व्यवसाय. सायबर कॅफेतला पोरगा न विचारता तिथं ‘गृहिणी’ टाकतो, धाकट्याच्या फॉर्मात तसंच झालं होतं. तिथं ‘ऊसतोड कामगार’ लिही. हट्ट म्हणून सांगत नाही. मुकादमाच्या वहीत आण्णांचं नाव आहे, नोटरीच्या कागदावर आण्णांची सही आहे, पैसे आण्णांच्या खात्यावर येतात. ३६६ तला माझा भाग कुठल्याच कागदावर नाही. आण्णा चांगले आहेत, पैसे पिऊन उडवत नाहीत, म्हणून मला झळ बसत नाही. पण वरच्या गल्लीतली ती, नवरा ट्रॅक्टरखाली गेला, तिनं आठ-दहा हंगाम फळी चढली आणि पुरावा विचारला तर तिच्याकडं एक कागद नव्हता. उचलीची बाकी मात्र तिच्याकडंच मागायला आले. ती देण्यापुरती तिला कोयत्यात धरली.

म्हणून तुला एक काम सांगते. लोकनेते गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, तुझं वसतिगृह ज्या खात्याकडं तेच हेही बघतं. गाळपाच्या दर टनाला कारखान्यानं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असा त्याचा निधी. त्याची ओळखपत्रं ग्रामसेवकामार्फत मिळतात. आण्णांचं झालंय. माझं झालेलं नाही, कारण सर्वे झाला तेव्हा घरातल्या एका माणसाचं नाव लिहून घेतलं. संघटनेच्या बाई म्हणतात, बाईचं वेगळं काढायचं, ती वेगळी कामगार आहे. तू सुट्टीत गावी जाशील तेव्हा ग्रामपंचायतीत अर्ज दे, माझं आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स ट्रंकेत पिवळ्या पिशवीत आहे. ग्रामसेवक उद्या ये म्हणेल. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नकोस, शिक्क्यासकट. पोच दिली की त्यांना तो अर्ज हरवता येत नाही.

दुसरं काम. आण्णांच्या मोबाईलवर मी वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो काढून ठेवतेय. कारखान्याचा चिटबॉय फडात चिठ्ठी देतो ती वेगळी आणि वजनाची पावती वेगळी, ती ड्रायव्हरकडं असते, मागितली तर देतो. कधी खेकसतो, पण देतो. धाकटा इथं आहे तोवर तो ते फोटो तुला पाठवील. तू एका वहीत तारीख, टन आणि टोळीत किती कोयते एवढं मांडून ठेव. हंगाम संपल्यावर मुकादम हिशोब सांगतो तेव्हा आम्ही नुसतं ऐकतो, त्याच्याकडं वही असते आणि आमच्याकडं आठवण. या वेळी आपल्याकडंही वही असू दे. भांडायचं नाही, नुसती समोर ठेवायची. टोळीतल्या बायकांना मी हे बोललेय, त्याही पावत्या जमवतायत. एकीनं तर चोळीत ठेवून घामानं भिजवून टाकली, आता आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो.

आजीनं तुझ्यापाशी स्थळाचा विषय काढला असेल. धारूरकडचं आहे, मुलगा कष्टाळू आहे म्हणतात, आणि त्याला जोडी पाहिजे. यंदा लग्न झालं तर पुढच्या पोळ्याला पूर्ण कोयत्याची उचल मिळेल, हा सगळा त्यातला हिशोब. आजीवर चिडू नकोस. तिच्या डोळ्यांसमोर वयात आलेल्या पोरी सहा महिने घरात एकट्या राहिल्यात, त्यांचं काय काय झालं ते तिनं पाहिलंय. पोरीला लवकर उजवली की जबाबदारी सुटली, एवढंच तिला कळतं. माझंही लग्न तसंच झालं, दहावीचं पुस्तक आणलेलं होतं. पण तुला वसतिगृहात जागा आहे, दरवाज्याला कडी आहे, वॉर्डनबाई आहेत. एका तालुक्याला मुलींच्या शंभर जागा, त्यातली एक तुला मिळालीय, ती मधेच सोडायची नाही. पाहुण्यांना मी सांगितलंय की पोरीला अठरा पूर्ण नाहीत आणि पूर्ण झाल्यावरही आधी ती नर्सिंगला जाणार आहे. त्यांनी फोन ठेवला. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत, आता बोलतायत.

धाकट्याला यंदा गावातल्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात नाव घातलंय, म्हणजे राहायचं आजीपाशी आणि जेवायचं शाळेत. जेवण बरं आहे म्हणतो, वरणात डाळ शोधावी लागते पण मिळते. संक्रांतीला हट्ट करून इकडं आलाय, चार दिवसांनी टेम्पोतून परत पाठवते. त्याला फडात नेत नाही. कोपीत बसून पाढे म्हणतो आणि बाकीच्या लेकरांना गोळा करून शाळा शाळा खेळतो. इथं सात-आठ लेकरं आहेत, शाळेत कुणाचंच नाव नाही. जवळच्या शाळेतल्या गुरुजींना मी विचारलं तर म्हणाले, पाठवा, बसवून घेतो. पण ओढा ओलांडून दोन मैल जावं लागतं आणि न्यायला-आणायला माणूस मोकळा नाही.

तुझ्या फीचे राहिलेले पैसे पुढच्या बाजाराच्या दिवशी पाठवते. वाढ्यांचे थोडे साठलेत, आण्णांनाही माहीत आहे. वरून दोनशे जास्त येतील, त्याचं पॅड आण, दुसरं काही आणू नकोस. वसतिगृहात मशीन आहे म्हणालीस, पण ते बंदच असतं असंही म्हणालीस, त्यावर सगळ्या पोरींनी मिळून एक अर्ज द्या. एकटीनं देऊ नकोस.

पट्टा कधी पडेल ते अजून नक्की नाही. शेतकी ऑफिसातला माणूस मार्च म्हणतो, ड्रायव्हर लोक त्याच्याही आधी म्हणतात. समजलं की कळवीन, म्हणजे तुला गावी यायचा बेत करता येईल.

तुझी
आई

ता. क. फॉर्म भरून झाला की पाठवण्याआधी आईच्या नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच आहे ना ते बघ. आधारवर त्यांनी शेवटी एक अक्षर जास्त टाकलंय, तेही तसंच टाक.